येझदी रोडकिंग पुन्हा रस्त्यावर : प्रकल्प नोंदी

12 ऑक्टोबर 2024, दसरा

सकाळी मोटारीला आणि मुलीच्या स्कूटरला झेंडूच्या माळा घालून झाल्यावर आईने पडवीतूनच विचारले, "अण्णांच्या गाडीला फूल वाहिलंस का रे?" मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, येझदी रोडकिंग मोटरसायकल 2004 पासून उभी आहे. अण्णा 2016 मध्ये गेले, आणि त्यानंतर तर त्या ताडपत्रीची गाठही कोणी सोडलेली नव्हती. आज ती सोडली, टाकीवरची धूळ फडक्याने पुसली, हळदकुंकू वाहिले, आणि ही गाडी पुढच्या दसऱ्याला स्वतःच्या चाकांवर अंगणात यावी असे ठरवले. मी बावन्न वर्षांचा आहे, शाळेत गणित शिकवतो, आणि गेली वीस वर्षे मोटरसायकलच्या हँडलला हात लावलेला नाही. त्यामुळे या नोंदी जितक्या गाडीच्या दुरुस्तीच्या असतील, तितक्याच माझ्या पुन्हा शिकण्याच्याही असतील.

20 ऑक्टोबर 2024

आज गाडीची पाहणी केली. टाकीत आतून गंज धरलेला आहे, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केले होते, दोन्ही टायर कडेला तडकलेले आहेत आणि किक जागची हलत नाही. चॅसी सरळ आहे, इंजिनचा आणि चॅसीचा क्रमांक कागदाशी जुळतो, आणि सायलेन्सरच्या दोन्ही नळ्या मूळच्या आहेत. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या दोन, ही या गाडीची लांबूनही ओळखू येणारी खूण.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती लिहून ठेवतो. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना 1960 च्या सुमारास उभा राहिला. पुढे जावा हे नाव मागे पडले आणि कारखाना चालवणाऱ्या इराणी कुटुंबाचे मूळ गाव इराणमधले याझ्द असल्यामुळे गाडीला येझदी हे नाव मिळाले. रोडकिंग 1978 मध्ये आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिली. सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास 75 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ 250 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन. त्या काळात 16 अश्वशक्ती ही साधी गोष्ट नव्हती.

टूलबॉक्समध्ये खाकी कापडात गुंडाळलेले पाने होते आणि त्यांच्याखाली अण्णांची वही होती. चार रकाने : तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल. जून 1986 पासूनचा प्रत्येक थेंब तिच्यात लिहिलेला आहे, "5 लि., 200 मिली" असा, म्हणजे लिटरला चाळीस मिलीचे प्रमाण त्यांनी कधी मोडलेले दिसत नाही. समासात कुठे कुठे एखादाच शब्द आहे : "चेन", "प्लग नवा", "पाऊस, वाई". या वहीवरूनच मला तारखेवार नोंदी ठेवण्याचे सुचले.

3 नोव्हेंबर 2024

प्लगच्या भोकातून डिझेल आणि थोडे गंज सोडवणारे तेल ओतून गाडी दोन आठवडे तशीच ठेवली होती. आज वरचा गिअर टाकून मागचे चाक पुढे-मागे हलवले. पहिली वीस मिनिटे काहीच झाले नाही, आणि मग चाक धरलेल्या हातातूनच कळले की आत कुठेतरी केसाइतकी हालचाल झाली. जोर न लावता, फक्त झोके देत राहिल्यावर पिस्टन सुटला. किकवर उभे राहून जोर लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण तसे केले की किकचे दाते तुटतात आणि दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो.

10 नोव्हेंबर 2024

आज हेड आणि सिलिंडर उतरवला. पिस्टन हातात घेऊन उन्हात धरला तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला तीन उभे ओरखडे दिसले. ते कधीचे आहेत हे मला वही न उघडता सांगता आले असते. तरीही वही उघडली : "मे 1991. पसरणी घाट. जाम."

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पाचगणीहून वाईला उतरत होतो, उतार लांब होता, आणि पेट्रोल वाचवावे म्हणून मी ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्येच सोडून दिली होती. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला लागणारे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. पण उतारामुळे चाक इंजिनाला फिरवतच राहते, त्यामुळे पिस्टन कोरड्या भिंतीवर वर-खाली धावतो, तापतो, फुगतो आणि एका क्षणी सिलिंडरला चिकटतो. एका वळणाच्या आधी मागचे चाक एकदम थांबले, गाडी आडवी व्हायला लागली आणि मी केवळ घाबरून क्लच आवळला. त्यानेच चाक मोकळे झाले आणि मी वाचलो.

संध्याकाळी टेम्पोतून गाडी घरी आणली तेव्हा अण्णा रागावले नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवले, उघडलेला पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "घाट उतरताना मधूनमधून रेस द्यायची. तिला तहान लागते." नंतर त्यांनी ओरखडे बारीक पॉलिश पेपरने घासले, तोच पिस्टन परत बसवला आणि गाडी आणखी तेरा वर्षे चालली. आज मी तो पिस्टन घासलेला नाही. तो बदलायचाच आहे, म्हणून तो कपाटात ठेवून दिला.

24 नोव्हेंबर 2024

सिलिंडर आणि क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनातला दांडा) घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. एका गल्लीत ओतकाम, दुसऱ्या गल्लीत लेथ, आणि गंजलेला भाग हातात घेऊन तो कोणत्या गाडीचा आहे हे सांगणारी माणसे, असे ठिकाण आपल्या भागात आहे हे आपले भाग्यच म्हणायला हवे. ज्या मिस्त्रींकडे काम दिले त्यांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवूनच सांगितले की वरच्या भागात खड्डा पडला आहे. मापात ते खरे निघाले.

पिस्टनच्या बाबतीत मात्र बराच वेळ वाया गेला. पुण्यातल्या एका दुकानातून मूळ मापाचा म्हणून घेतलेल्या संचातील, पिस्टनभोवती बसणारी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजली तर ती जवळजवळ 0.9 मिलिमीटर भरली. एवढ्या व्यासाला ती साधारण पाव मिलिमीटर असावी. इतक्या सैल रिंगेतून दाब निसटतो, गाडी चढावर दमते आणि मालकाला वाटते की जुनी गाडी अशीच असायची. संच परत केला. दुसरा पिस्टन मिस्त्रींनीच त्यांच्या ओळखीतून मिळवून दिला, त्याचे माप घेऊन मगच सिलिंडर बोअर केला, म्हणजे त्या मापाला आतून कापून घेतला, आणि हा क्रम मी इथे मुद्दाम लिहितो : आधी पिस्टन हातात, मग बोअर.

क्रँकचे दोन्ही बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचा किट आणि सगळे ऑइल सील नवे.

15 डिसेंबर 2024

चाके स्पोक बदलण्यासाठी गेली आहेत आणि रंगकाम जानेवारीत होईल, त्यामुळे शेडमध्ये फक्त चॅसी उभी आहे. अशा रिकाम्या रविवारी इतर गाड्या आठवतात.

माझी पहिली गाडी म्हणजे मामांची बजाज एम-80. दुधाच्या किटल्यांसाठी तिला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या लावलेल्या होत्या, गिअर डाव्या हाताच्या मुठीत होते, आणि शेताच्या बांधावरून ती जिथे नेली तिथे जात असे. पण मोटरसायकल म्हणजे काय हे मला कळले ते पुण्यात एम.एस्सी. करताना, मित्राच्या यामाहा आरएक्स 100 वर. शंभर सीसीच्या आतले इंजिन, अकरा अश्वशक्ती, आणि अंगात शंभर किलोच्या आसपासच वजन. हे आकडे कागदावर लहान वाटतात, पण अश्वशक्तीला वजनाने भागले की ती तेव्हाच्या रस्त्यावर इतक्या जणांच्या पुढे का निघून जायची हे समजते. रोडकिंगची ताकद खालून, हळूहळू आणि भरपूर येते. आरएक्सची मात्र ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे पिळला की एकदम अंगावर यायची. त्या गाडीवर मी विद्यापीठाच्या रस्त्यावर जे काही केले ते माझ्या विद्यार्थ्यांनी करू नये असे मला मनापासून वाटते.

नोकरी लागल्यावर 1998 मध्ये स्वतःच्या पगारातून हिरो होंडा स्प्लेंडर घेतली. त्या गाडीबद्दल सांगण्यासारखे फार नाही, आणि तोच तिचा गुण होता. तिने कधी थांबवले नाही, कधी खर्चात पाडले नाही. 2003 मध्ये मुलगी झाली, मोटार आली आणि स्प्लेंडर विकली. पुढच्याच वर्षी अण्णांच्या गुडघ्याने किक मारणे सोडले आणि रोडकिंगवर ताडपत्री पडली.

पत्नीने आज विचारले, "नवीनच का घेत नाही? आता पुन्हा येझदी नावाने मिळते की." मिळते, हे खरे आहे, 2022 पासून ते नाव पुन्हा बाजारात आहे आणि त्या गाड्यांना डिस्क ब्रेक, एबीएस, सगळे आहे. ब्रेकच्या बाबतीत पत्नी माझ्यापेक्षा शहाणी ठरेल असे मला वाटते, आणि म्हणून या गाडीच्या ब्रेकवर मी जेवढा वेळ देणार आहे तेवढा रंगावर देणार नाही, असे तिला कबूल केले आहे.

12 जानेवारी 2025

कागदपत्रे. गाडी अण्णांच्या नावावर, त्यामुळे मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरासाठी नमुना 31, आणि नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच उलटून गेल्यामुळे नूतनीकरणासाठी नमुना 25. जुन्या तीन अक्षरी क्रमांकाची नोंद आधी संगणकावर चढवून घ्यावी लागते. गाडी प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय नूतनीकरण होत नाही, म्हणजे ती आधी चालायला हवी. विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही घ्यायची आहे. माझा स्वतःचा परवाना पन्नाशीनंतर वैद्यकीय दाखल्यासह नवा केलेला आहे आणि त्यावर मोटरसायकलचा शेरा कायम आहे.

9 फेब्रुवारी 2025

आज इंजिन सुरू झाले.

सकाळी सहा वाजल्यापासून पॉइंटची, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या दोन टोकांमधली, फट लावत होतो. फिलर गेजची 0.4 ची पट्टी दोन्ही पॉइंटांमध्ये किंचित ओढ लागून सरकायला हवी. मोकळी सरकली तर फट जास्त, अडकली तर कमी. चाळीशी लावल्यावर पट्टी दिसते पण पॉइंट धूसर होतात, चाळीशी काढल्यावर उलट होते. शेवटी मी डोळे मिटले आणि केवळ बोटांना लागणाऱ्या ओढीवर फट लावली, आणि नंतर मुलीला मोबाइलचा उजेड धरून तपासायला सांगितले. बरोबर होती.

मग किक. रोडकिंगचा किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच असतो : तो आत दाबून उभा करायचा, किक मारायची आणि इंजिनाने धरले की पुन्हा पुढे आडवा पाडायचा, की तोच गिअर झाला. मी वीस वर्षांत हे केलेले नव्हते. अकराव्या किकला इंजिनाने धरले, शेडमध्ये निळसर धूर भरला, आणि माझे लक्ष गेले तेव्हा दांडा आडवा झालेला होता. तो मी पाडला हे मला कळलेच नव्हते. पायाने ते काम मला न विचारता उरकले होते.

आवाज ऐकून आई काठी टेकत शेडच्या दारापर्यंत आली. "हाच," एवढेच म्हणाली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

30 मार्च 2025, गुढीपाडवा

आजच्या मुहूर्तावर गाडी रस्त्यावर आणायची होती. ते जमले नाही. गेल्या आठवड्यापासून सायलेन्सरमधून निळ्याऐवजी दाट पांढरा धूर येत होता, तापल्यावर इंजिन आपोआप रेस धरत होते, आणि गिअरबॉक्सचे तेल मोजले तर लक्षात येण्याइतके उतरले होते. या तीन खुणा एकत्र आल्या की दोष क्रँकच्या गिअरबॉक्सकडील ऑइल सीलचा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते, कारण पिस्टन खाली येताना तीच पेटी पेट्रोल-हवेचे मिश्रण वर ढकलते. सील गळला की इंजिन तिथून गिअरबॉक्सचे तेल आत ओढते आणि जाळते.

उघडून पाहिले. सीलच्या ओठाला एक बारीक चीर होती, आणि ती मीच पाडलेली होती. सील बसवताना क्रँकच्या दांड्याच्या खाचेवर कागद गुंडाळून तो सरकवायला हवा होता, आणि मी घाई केली. अण्णांच्या वहीत 1994 साली समासात "सील, कागद लावून" असे शब्द आहेत. ते मी वाचले होते, पण त्यांचा अर्थ आज कळला.

13 एप्रिल 2025

नवा सील, कागद लावून. धूर निळा आणि पातळ. परिवहन कार्यालयात गाडी दाखवून झाली. शाळेला सुट्टी असल्याने मुख्याध्यापकांच्या परवानगीने मैदानावर पहिल्यांदा बसलो.

गिअर बदलताना पहिल्याच फेरीत हात क्लचकडे गेला नाही. या गाडीत गिअरचा दांडा दाबला की तोच क्लच सोडवतो, त्यामुळे गाडी चालू असताना क्लचची मूठ न आवळताही गिअर बदलता येतो, आणि अण्णा कायम तसाच बदलत. मैदानाच्या चार फेऱ्या झाल्या तेव्हा मला वाटले की सगळे जसेच्या तसे शिल्लक आहे. मग फाटकापाशी एक कुत्रे आडवे आले, मी पाय ब्रेकवर दाबला, मागचे चाक घसरत पुढे आले आणि गाडी कुत्र्याच्या जागेच्या पुढे जाऊन थांबली. कुत्रे तोवर निघून गेले होते. माझ्या उजव्या हाताने पुढच्या ब्रेकला स्पर्शसुद्धा केलेला नव्हता.

4 मे 2025

गेले तीन रविवार फक्त ब्रेक.

आमच्या पिढीला शिकवलेले वाक्य असे होते : "पुढचा ब्रेक दाबू नको, पालथा पडशील." ते वाक्य खोटे नव्हते. माझ्या लहानपणी गावाकडच्या रस्त्यांवर मुरूम आणि खडी असायची, आणि सुट्या खडीवर पुढचे चाक अडकले तर खरोखरच माणूस तोंडावर पडतो. अण्णांनी त्या रस्त्यासाठी मला योग्य तेच शिकवले. पण डांबरी रस्त्यावर ब्रेक लागताच बरेचसे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते आणि हलके चाक रस्ता धरत नाही. त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या ब्रेकलाच करावे लागते. म्हणजे माझ्या अंगात जे काही शाबूत आहे, ते अशा रस्त्यासाठी आहे जो आता उरलेला नाही. किकचा दांडा लक्षात राहिला म्हणून मला आनंद झाला, पण ज्या सवयीने तो लक्षात ठेवला तिनेच ब्रेकच्या वेळी मला धोका दिला, हे मी या प्रकल्पात शिकलेले सगळ्यात महत्त्वाचे आहे.

शाळेच्या मागच्या सिमेंटच्या पट्टीवर चुन्याची रेघ ओढली आणि ताशी 40 किलोमीटरने येऊन रेघेवर ब्रेक लावायचा सराव सुरू केला. मुलगी टेपने अंतर मोजत होती. फक्त मागचा ब्रेक : 21 मीटर. दोन्ही ब्रेक, पण भीत भीत : 16. तिसऱ्या रविवारी, पुढच्या ब्रेकची मूठ एकदम न आवळता लिंबू पिळावे तशी वाढत्या दाबाने आवळत : 12. ड्रम ब्रेकला याहून जास्त मागणे कठीण आहे. ताशी 40 ला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत माझे एक सेकंद जाते, हे मी त्या बारा मीटरांत मिळवून पाहतो आणि समोरच्या वाहनापासून तेवढे अंतर ठेवतो.

11 मे 2025

सकाळी साडेपाचला निघून साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत, साधारण 25 किलोमीटर. अंगात जाकीट, पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि आयएसआय शिक्क्याचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट. या तीनपैकी एकही गोष्ट 1991 मध्ये माझ्याकडे नव्हती. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती जुनी संथ ओढ जशीच्या तशी होती. पठारावर फुले नाहीत, गवत वाळलेले, आणि त्यावरून येणारा गार वारा हेल्मेटच्या काचेखालून आत येत होता. मनगटे वीस मिनिटांत दुखू लागली. हँडल घट्ट धरणे हेच त्याचे कारण होते, आणि गुडघ्यांनी टाकी धरल्यावर हात सैल झाले.

उतरताना प्रत्येक वळणाआधी पुढचा ब्रेक, आणि दोन वळणांच्या मध्ये रेस. खाली आल्यावर प्लग काढून पाहिला. चहाच्या रंगाचा तपकिरी होता, म्हणजे मिश्रण बरोबर आहे.

परतताना पाच लिटर पेट्रोल भरले, दोनशे मिली ऑइल. वहीत 2004 च्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ रिकामी सोडून लिहिले.

27 मे 2025

या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन पोहोचला. गाडी शेडमध्ये आहे. पेट्रोल टाकीतून आणि कार्बोरेटरच्या वाटीतून पूर्ण काढून टाकले, कारण हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने दोनच महिन्यांत टाकीखालच्या पेट्रोल कॉकचे जुने रबर फुगले होते आणि ते पेट्रोल ओल धरते. कॉकचा नवा संच मागवला आहे. मागचा ब्रेक ओल्या हवेत किंचित कुरकुरतो. लायनर उतरवून कडा घासायला हव्यात. स्पीडोमीटरचा काटा 30 च्या आसपास थरथरतो, केबलला ग्रीस द्यायचे आहे. चुन्याची रेघ पावसाने गेली, ती सप्टेंबरमध्ये पुन्हा ओढावी लागेल, कारण तीन महिन्यांच्या खंडानंतर ते बारा मीटर बाराच राहतील असे मी धरून चालत नाही.